फॉल रिव्हरच्या खापरपणजीचं माहेर

प्रश्न थोडक्यात असा. नवऱ्याची खापरपणजी मेरी. थडग्यावर जन्म १८४६, मृत्यू १९१२. १८७०च्या अमेरिकी जनगणनेत ती मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉल रिव्हरमध्ये कापडगिरणीत कामाला, अविवाहित, जन्मस्थान नुसतं ‘इंग्लंड’. १९००च्या जनगणनेत अमेरिकेत आल्याचं साल १८६६. घरात सांगतात की ती एका बड्या जमीनदाराची मुलगी, पळून आली, आणि न्यू यॉर्कच्या एलिस आयलंडवर, म्हणजे स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर, तिचं आडनाव बदललं. ऑनलाइन शोधल्यावर त्याच नावाच्या, त्याच सुमाराच्या चाळीसेक मेरी इंग्लंडात निघाल्या. यातली आपली कोणती?

सध्या तरी एकही नाही. ती यादी बाजूला ठेवा आणि इतक्यात इंग्लंडकडे वळूच नका. तिच्या गावाचं नाव अमेरिकेतल्या कागदांत मिळेल. तेही बहुधा तिच्या स्वतःच्या नावच्या कागदात नाही, तर भावाच्या, नवऱ्याच्या, मुलीच्या, नाहीतर शेजारी राहणाऱ्या कुणाच्या तरी कागदात. इंग्लंडातून यायला निघालेली मेरी आणि फॉल रिव्हरला उतरलेली मेरी एकच, हे सांगणारा दुवा पाहिजे. तो नसेल तर चाळीसपैकी कुठलीही मेरी तुमच्या वंशवृक्षात छान बसेल, आणि तीच मोठी अडचण आहे.

आधी आख्यायिकेचं बघू. एलिस आयलंड सुरू झालं १ जानेवारी १८९२ला. मेरी १८६६ला आली असेल तर ती बॉस्टनच्या धक्क्यावर उतरली असेल, किंवा न्यू यॉर्कला कॅसल गार्डनमध्ये. ते केंद्र १ ऑगस्ट १८५५ ते १८ एप्रिल १८९० चाललं. एलिस आयलंडवर उतरलेल्यांचीसुद्धा नावं तिथले कारकून बदलत नसत. जहाज कंपनीने आधीच केलेली यादी समोर धरून प्रश्न विचारत. आडनावांची स्पेलिंगं बदलली हे खरं, पण ती गावोगावच्या कारकुनांनी कानाला ऐकू आलं तसं लिहिल्यामुळे, किंवा माणसांनी आपखुशीने बदलल्यामुळे. इंग्लंडातल्या लँकशर या कापडगिरण्यांच्या परगण्याकडची (मेरी बहुधा तिकडची, का ते पुढे सांगतो) बोली शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गिळते, त्यामुळे ह-ने सुरू होणारं आडनाव अ-खाली सापडू शकतं आणि उलटही. जमीनदाराच्या मुलीचं म्हणाल, तर अशी मुलगी चोवीसाव्या वर्षी गिरणीत उभी राहून काम करत नसते. पण गोष्ट फेकून देऊ नका, एका कागदावर लिहून ठेवा. अशा गोष्टींत बऱ्याचदा एखादा कण खरा असतो: बाप कुणाच्या तरी इस्टेटीवर गडी होता, किंवा सावत्र आईशी पटत नव्हतं, किंवा घरात खरंच एखादं भांडण झालं होतं.

आपल्याला कुलवृत्तांताची सवय असते, आणि ती इथे थोडी आड येते. कोकणातल्या किंवा देशावरच्या कुठल्याही मोठ्या घराण्याचा कुलवृत्तांत उघडला की मूळ पुरुषापासून खाली उतरत यायचं, मूळ गाव आणि कुलदैवत पहिल्याच पानावर. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांतही वाडवडिलांची नावं सापडतात. इंग्लंडातल्या कामकरी माणसाचं असं काही नसतं. तिथे खालून वर, एकेक पिढी, एकेक कागद असं चढावं लागतं. आणि बाईच्या बाबतीत तर दर पिढीला आडनाव बदलतं, म्हणजे दर पायरीवर नव्याने सुरुवात.

बाई कागदांतून का गायब होते, हे समजून घेतलंत तर वाया जाणारा वेळ वाचेल. एकोणिसाव्या शतकातल्या कायद्यात लग्न झालेली बाई बहुतेक बाबतीत नवऱ्याच्या नावाखाली झाकली जायची. अमेरिकी नागरिकत्वाचं उदाहरण घ्या. १८५५च्या कायद्याने नागरिकाशी लग्न केलेली परदेशी बाई आपोआप नागरिक व्हायची, आणि नवरा मागाहून नागरिक झाला तरी तीही व्हायची. हे बदललं १९२२च्या केबल कायद्याने. म्हणून मेरीचे नागरिकत्वाचे कागद शोधत बसू नका, ते बहुधा झालेच नसतील. नवऱ्याचे असतील, पण सप्टेंबर १९०६च्या आधी हे काम कुठलंही न्यायालय करायचं आणि अर्जात बहुधा ‘ग्रेट ब्रिटनच्या राणीची प्रजा’ एवढंच लिहायचं. शहराच्या डिरेक्टऱ्या, म्हणजे रहिवाशांच्या छापील याद्या, बहुधा दरसाल निघत, त्यांत घरचा पुरुष असे. बाई दिसते ती एकटी कमावती असताना किंवा विधवा झाल्यावर, ‘अमक्याची विधवा’ म्हणून. ही नोंद मात्र मोलाची, कारण नवरा कुठल्या सुमाराला गेला ते त्यावरून कळतं.

आता तुमचं नशीब. मेरी मॅसॅच्युसेट्समध्ये राहिली, आणि त्या राज्याने जन्म, लग्न, मृत्यूची राज्यभराची नोंद १८४१पासून ठेवली आहे. पेनसिल्व्हेनियात राज्याचे मृत्यूचे दाखले १९०६ला सुरू झाले. तिकडे गेली असती तर तुम्ही आज चर्चच्या वह्या चाळत बसला असता. मॅसॅच्युसेट्सच्या लग्नाच्या नोंदीत वर-वधूचं वय, धंदा, जन्मस्थान, दोघांच्याही आईबापांची नावं आणि हे कितवं लग्न, असे रकाने असतात. मेरीचं लग्न १८७२च्या सुमाराला फॉल रिव्हरलाच झालं असं तुम्ही लिहिता, म्हणजे तिच्या आईबापांची पहिली नावं तरी मिळायलाच हवीत. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर या नोंदवह्यांची पानं फुकट बघता येतात. अनुक्रमणिकेतली टाइप केलेली ओळ वाचून थांबू नका, मूळ पान उघडा. शेवटच्या रकान्यात लग्न कुणी लावलं त्याचं नाव आणि हुद्दा असतो. तो पाद्री मेथडिस्ट होता की एपिस्कोपल की कॅथलिक, ते डिरेक्टरीतून शोधा, म्हणजे कुठल्या चर्चचं दप्तर धुंडाळायचं ते कळेल. सरकारी नोंदीत साक्षीदार नसतात, चर्चच्या वहीत असू शकतात, आणि साक्षीदार म्हणजे बहुधा बहीण, भाऊ किंवा गावाकडची मैत्रीण.

मृत्यूच्या नोंदीतही आईबापांची नावं आणि जन्मस्थानं असतात, पण ती मेरीने सांगितलेली नसतात. ती सांगतो शोकात असलेला मुलगा किंवा जावई, ज्याने आजी-आजोबांना कधी पाहिलेलं नाही. म्हणून लग्नाची नोंद आणि मृत्यूची नोंद यांत फरक पडला तर लग्नाचीवर जास्त भरवसा ठेवा; तिथे ती स्वतः उभी होती. वय मात्र दोन्हीकडे लवचीक. नवऱ्यापेक्षा मोठी असलेली नवरी लग्नाच्या दिवशी दोन-तीन वर्षांनी लहान होते, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता ते गृहीतच धरतो. तेव्हा १८४६ म्हणजे १८४३ ते १८४८ समजून चला.

मग मुलं. १९००च्या जनगणनेत बाईला दोन खास प्रश्न होते: किती मुलं झाली, किती हयात आहेत. समजा मेरीने नऊ आणि पाच सांगितली. घरच्यांना फक्त ती पाच माहीत असतात. उरलेल्या चौघांच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या नोंदी काढा, कारण मॅसॅच्युसेट्सच्या प्रत्येक जन्मनोंदीत आईचं आणि बापाचं जन्मस्थान लिहिलेलं असतं. आठ वेळा ‘इंग्लंड’ येईल, आणि नवव्या वेळी एखादा चिकित्सक कारकून ‘ब्लॅकबर्न, इंग्लंड’ लिहून जाईल. त्या एका ओळीसाठी नऊही नोंदी बघायच्या. कुणा मुलाचं मधलं नाव आडनावासारखं वाटलं तर ते टिपून ठेवा. आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव मुलाला मधलं नाव म्हणून देण्याची पद्धत त्या समाजात चांगलीच रुजलेली होती.

आणि सगळ्यात मोठा साठा म्हणजे भाऊ-बहिणी. वीस वर्षांची मुलगी एकटीच समुद्र ओलांडून थेट एका गिरणीगावात पोचली, हे घडू शकतं, पण सहसा आधी कुणीतरी तिथे गेलेलं असतं. १८७०च्या जनगणनेत ती ज्या घरात होती ते पान पुन्हा उघडा. ती खाऊन-पिऊन भाड्याने राहणारी असेल. घरमालकीण कोण, तिचं माहेरचं आडनाव काय, याचा शोध घ्या. त्या पानाच्या मागचं आणि पुढचं पान वाचा. १८७०मध्ये घरातल्या माणसांची नाती लिहिलेली नसतात, १८८०पासून असतात. तेव्हा १८८०ला मेरीच्या नवऱ्याच्या घरात एखादा ‘मेव्हणा’ किंवा ‘सासू’ राहत असेल तर तुमचं अर्धं काम झालं. फॉल रिव्हरचं ओक ग्रोव्ह हे जुनं मोठं कब्रस्तान आहे. कुठलंही कब्रस्तान असो, तिथल्या कार्यालयाला दगडावरचा मजकूर विचारू नका, तो तुमच्याकडे आहेच. तो तुकडा कुणाच्या मालकीचा आणि त्यात आणखी कोण कोण पुरलं आहे, हे विचारा. ज्यांच्या नावाचा दगडच नाही अशी माणसं तिथल्या वहीत असतात.

भाऊ का हवा ते सांगतो. समजा तुम्हाला विल्यम नावाचा एक धाकटा भाऊ सापडला, तो १९१५च्या सुमाराला वारला, आणि त्याच्या मृत्यूच्या नोंदीत आईचं पहिलं नावच नाही तर माहेरचं आडनावही आहे. मेरीच्या लग्नाच्या जुन्या नोंदीत ते बहुतेक नसतं. विसाव्या शतकातल्या नोंदींत बरेचदा असतं. हे एक आडनाव हाती आलं की इंग्लंडचं दार उघडतं. त्याआधी तिकडे नुसती गर्दी आहे.

आणखी काही कागद, भराभर. मेरीचा नवरा अमेरिकी यादवी युद्धात लढला असेल आणि ती विधवा झाली असेल, तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तिच्या विधवा-पेन्शनची फाइल असू शकते. एकोणिसाव्या शतकातल्या बाईची स्वतःच्या नावाची इतकी जाड फाइल दुसरी नसते: लग्नाचा पुरावा, मुलांच्या जन्मतारखा, शेजाऱ्यांची शपथपत्रं, कधी घरच्या बायबलमधून फाडून दिलेलं पानसुद्धा. वर्तमानपत्रांतल्या मृत्युवार्ता जरूर बघा, आणि त्यांच्या शेवटी ‘प्रेस्टनच्या पत्रांनी कृपया उद्धृत करावे’ अशा धर्तीची ओळ आहे का ते पाहा. नातेवाईक कुठे आहेत हे त्या काळी असं कळवत. उलट दिशेनेही घडतं: लँकशरच्या पत्रांत ‘अमेरिकेत फॉल रिव्हर येथे, पूर्वी अमुक गल्लीत राहणारी’ अशी निधनवार्ता छापून येते. आणि फॉल रिव्हरपुरतं एक लक्षात ठेवा. १८६२पर्यंत गावाचा दक्षिणेकडचा भाग ऱ्होड आयलंड राज्यात होता, मग सीमा सरकली. शिवाय गिरणीची माणसं काम सुटलं की बिऱ्हाड उचलून पॉटकेट, न्यू बेडफर्ड, लॉरेन्स अशी फिरायची. तेव्हा मेरीचा भाऊ फॉल रिव्हरला मिळाला नाही म्हणून तो नव्हताच असं समजू नका.

जहाजाची यादी सगळ्यांनाच आधी हवी असते. ती मी मुद्दाम शेवटी ठेवतो. अमेरिकेत उतरणाऱ्यांच्या याद्या १८२०पासून आहेत, पण १८६६च्या यादीत नाव, वय, धंदा आणि देश यापलीकडे फारसं काही नसतं. गाव तर नाहीच. आणि इंग्लंडातून निघणाऱ्यांच्या याद्या जपलेल्या आहेत त्या १८९०पासूनच्या, म्हणजे लिव्हरपूलला तिची नोंद शोधण्यात अर्थ नाही. यादी सापडलीच तर तिच्या नावाच्या वरच्या-खालच्या दहा-दहा ओळी उतरवून घ्या. त्यांतलं एखादं आडनाव पुढे फॉल रिव्हरमध्ये शेजारी म्हणून भेटलं, तर ती मंडळी एकाच गावाहून निघाली असण्याची शक्यता चांगली.

आता लँकशरच का, हे विचाराल. सिद्ध काही नाही, पण अंदाज भक्कम आहे. १८६१ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, आणि लँकशरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला. १८६२च्या हिवाळ्यात तिकडची लाखो माणसं मदत समित्यांच्या सुपावर आणि भाकरीवर जगत होती. युद्ध संपलं १८६५ला, आणि त्याच्या पुढेमागे विणकाम येणारी बरीच कुटुंबं न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या राज्यांतल्या, गिरण्यांकडे निघाली. पुढे १८७०च्या दशकात फॉल रिव्हर अमेरिकेतलं कापडाचं पहिल्या क्रमांकाचं गाव झालं, आणि माग चालवणारे हात त्या वेळी मोठ्या प्रमाणात लँकशरचे होते. युद्धाच्या त्या चार वर्षांत खानदेश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत शेअरचा ज्वर चढला, प्रेमचंद रायचंद शेठजींचं नाव झालं आणि युद्ध संपताच सगळं कोसळलं. मेरीच्या मागावर आला असेल तो कापूस आपल्याकडचाच. हिंदुस्थानातून आलेल्या सगळ्या कापसाला तिकडे ‘सुरत’ म्हणत, आणि त्याचा आखूड धागा सारखा तुटतो म्हणून विणकर बायका त्याला शिव्या घालत. खापरपणजीच्या गोष्टीत तुमच्या माहेरचा एक धागा आहे तो असा.

पण अंदाजाला अंदाजच ठेवा. स्टॉकपोर्ट, हाइड, डकिनफील्ड ही कापडाची गावं चेशर परगण्यातली, ग्लॉसॉप डर्बीशरमधलं. लोकरीचं काम करणारी असेल तर यॉर्कशर. आणि एका शक्यतेकडे बहुतेक लोक काणाडोळा करतात: ती इंग्लंडात जन्मली, पण आईबाप आयर्लंडचे. १८४५नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आणि त्याच्या आधीही आयरिश माणसं मोठ्या संख्येने लँकशरमध्ये आली. १८८०च्या जनगणनेत आई आणि बाप कुठे जन्मले याचे रकाने आहेत. तिथे ‘आयर्लंड’ असेल आणि लग्न कॅथलिक पाद्रीने लावलं असेल, तर इंग्लंडातला शोध एका पिढीतच संपेल आणि पुढची वाट वेगळी होईल.

दुवा मिळाला, म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, किंवा गाव, किंवा दोन्ही हाती आलं, की इंग्लंड. तिथे जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७पासून. जुन्या छापील अनुक्रमणिकेत आईचं माहेरचं आडनाव १९११च्या उत्तरार्धापासूनच दिसतं, पण जनरल रजिस्टर ऑफिसने आपल्या संकेतस्थळावर जी नवी अनुक्रमणिका केली आहे तिच्यात ते १८३७पासून आहे. हा फरक माझ्या मते या सगळ्या विद्येत गेल्या काही वर्षांत पडलेला सगळ्यात मोठा फरक. तुम्ही बापाचं आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव टाका, १८३७ ते १८६० अशी वर्षं पुढे सरकवत जा, आणि त्या जोडप्याची सगळी मुलं ओळीने उभी राहतील. त्यांत मेरी आहे का, विल्यम आहे का, वयांचा क्रम जुळतो का? जुळला तर दाखल्याची प्रत मागवा. इतक्या जुन्या जन्मनोंदीची डिजिटल प्रत कागदी दाखल्यापेक्षा बरीच स्वस्त पडते, आणि त्यात आईबापांची नावं, बापाचा धंदा, राहायची गल्ली आणि वर्दी देणाऱ्याची सही किंवा अंगठ्याऐवजी मारलेली फुली, सगळं असतं.

मेरीच मिळाली नाही, बाकीची भावंडं मिळाली, तर घाबरू नका. १८७४च्या कायद्यापर्यंत जन्म न नोंदवणाऱ्या आईबापांवर म्हणावी तशी सक्ती नव्हती, आणि गिरणीगावांत काही मुलं नोंदीबाहेर राहिली. तिथे बाप्तिस्म्याच्या वह्या बघा. लँकशरच्या पुष्कळ वह्या स्वयंसेवकांनी उतरवून ‘लँकशर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स’वर फुकट ठेवल्या आहेत.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, आणि खरी मेहनत तिथेच आहे. समजा आईचं आडनाव मिळालंच नाही. बापाचं नाव जेम्स, आईचं अॅन, गाव ‘मँचेस्टरजवळ’, एवढंच हाती आहे. अशा वेळी आपली मेरी शोधायची नसते, बाकीच्या मेरी बाद करायच्या असतात. त्या चाळीस जणींची यादी आता बाहेर काढा आणि प्रत्येकीच्या पुढे एक ओळ लिहायला लागा.

पहिली चाळणी मृत्यूची. गिरणीगावांत लहान मुलं भयंकर मरत. जनरल रजिस्टर ऑफिसच्या नव्या अनुक्रमणिकेत मृत्यूच्या वेळचं वयही दिलेलं आहे, त्यामुळे पाच वर्षांच्या आत गेलेल्या मेरी लगेच वगळता येतात. एक सावधगिरी: थोरली मेरी गेली की पुढच्या मुलीला तेच नाव ठेवत, म्हणजे एकाच घरात दोन मेरी असू शकतात आणि दुसरी जगलेली असू शकते. दुसरी चाळणी बापाची. १८५१च्या जनगणनेत, ३० मार्चच्या रात्री, चार-पाच वर्षांची मेरी ज्या घरात आहे तिथला बाप जेम्स आहे का? नसेल तर ती बाद. पण घरात सावत्र बाप असेल तर तिला लगेच काढू नका, कडेला ठेवा. १८५१पासून नातं, वय आणि जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) लिहिलेला असतो, म्हणून ही जनगणना सोन्यासारखी. १८४१ची तशी नाही: तीत नाती नाहीत, आणि मोठ्या माणसांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवलेली, म्हणून तेव्हा तीस लिहिलेला बाप चौतीसचाही असू शकतो. तिसरी चाळणी लग्नाची. मेरीच्या फॉल रिव्हरच्या नोंदीत हे पहिलं लग्न असं लिहिलेलं असेल, तर १८७२च्या आधी इंग्लंडात लग्न झालेल्या मेरी बाद. यासाठी ‘लँकशर बीएमडी’ची (जन्म, लग्न, मृत्यूची) ऑनलाइन अनुक्रमणिका उपयोगी, तिच्यात कुठल्या चर्चमध्ये लग्न झालं तेही असतं. चौथी आणि शेवटची: १८७१ची इंग्लंडची जनगणना, २ एप्रिलची. तुमची मेरी जून १८७०मध्ये फॉल रिव्हरला होती. दहा महिन्यांनी प्रेस्टनला आईबापांच्या घरी बसलेली मेरी ती नव्हे.

चाळीसच्या सहा होतील, कदाचित तीन. त्या तिघींची घरं आता नीट उभी करा, भावंडांसकट, आणि मग प्रश्न विचारा की यांपैकी कुणाचा भाऊ १८७१ला इंग्लंडातून नाहीसा झाला आहे आणि फॉल रिव्हरमध्ये दिसतो आहे. १८६१च्या जनगणनेत पंधरा वर्षांची मेरी ‘कापसाची विणकर’ किंवा वाइंडिंग खात्यात असेल. घरकाम करणारी मोलकरीण असेल तर शंका घ्या, पण तिला काढून टाकू नका, पाच वर्षांत धंदा बदलतो. तिघींपैकी कुणीच बाद झाली नाही, किंवा दोघी सारख्याच शक्य वाटल्या, तर वंशवृक्षात उरलेल्या सगळ्यांची नावं लिहा आणि पुढे ‘संभाव्य’ लिहा. मनाने एक निवडू नका. तुमची निवड उद्या दहा जण ऑनलाइन वृक्षांतून उचलतील, परवा ती खात्रीची वाटायला लागेल. आज ऑनलाइन दिसणाऱ्या वृक्षांतल्या मेरी बहुतेक अशाच चिकटलेल्या आहेत. आडनावाचं ‘घराण्याचं चिन्ह’ म्हणून ढाल छापून विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. इंग्लंडात असं चिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं, आडनावाला नाही.

लग्नाच्या नोंदीत बापाच्या नावाचा रकाना कोरा असेल तर ती कारकुनाची विसरभोळी चूक समजू नका. मेरी लग्नाबाहेर जन्मलेली असू शकते. मग ती जन्माच्या नोंदीत आईच्या आडनावाने असेल, आणि १८५१ला आजी-आजोबांच्या घरी ‘नात’ म्हणून. बाप कधी कधी स्थानिक दंडाधिकाऱ्यांच्या दप्तरात सापडतो, आईने पोटगीसाठी त्याच्याविरुद्ध अर्ज केलेला असतो म्हणून. ही गोष्ट सासरच्या मंडळींना सांगताना बेताने सांगा. काही घरांत दीडशे वर्षांनीही माणसं दुखावतात.

मेरीच्या आईबापांचं लग्न मँचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये झालेलं निघालं तर ते तिथे राहत होते असं धरू नका; त्या प्रचंड पॅरिशच्या कोपऱ्याकोपऱ्यातून लोक तिथे लग्नाला येत. १८३७नंतरच्या लग्नाच्या दाखल्यावर दोघांच्याही बापांची नावं आणि धंदे असतात, म्हणजे तुम्ही आपोआप आणखी एक पिढी वर चढता. त्याच्या वर पॅरिशच्या वह्या. १८१३पासून बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा असतो. त्याआधी वही ठेवणाऱ्याची जशी मर्जी. मेथडिस्ट किंवा इतर पंथांची माणसं असतील तर त्यांच्या १८३७पूर्वीच्या पुष्कळ वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जमा आहेत. लग्न मात्र १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडले तर सगळ्यांना सरकारी चर्चमध्येच करावं लागे, म्हणून पंथ कुठलाही असो, लग्नाची नोंद तिथेच.

डीएनएबद्दल तुम्ही शेवटी विचारलं आहे. खापरपणजीकडून तुमच्या नवऱ्याला सरासरी सव्वासहा टक्के वाटा आला आहे. मेरीच्या इंग्लंडात राहिलेल्या भावंडांचे वंशज त्याच्याशी चौथ्या पातळीचे चुलत लागतात, आणि या पातळीवर साधारण निम्म्या जोड्यांत काहीच सामायिक तुकडा मिळत नाही. म्हणून चाचणी नवऱ्याची करू नका. त्या बाजूचं सगळ्यात वयस्कर माणूस गाठा, सासरे किंवा त्यांची बहीण. एक पिढी वर गेलं की जुळणी दुप्पट भक्कम होते. आईकडून मुलीकडे जाणारी वेगळी चाचणी असते, ती तुमच्या कामाची तेव्हाच, जेव्हा मेरीपासून चाचणी देणाऱ्यापर्यंत मधल्या सगळ्या बायकाच असतील. आणि डीएनएने गाव कळत नाही, फक्त माणूस जुळतो. कागदावर तीन मेरी उरल्या असतील तर त्यांतली एक ठरवायला तो उपयोगी. चाळीस असताना नाही.

मेलबर्नहून एकांनी याच धर्तीचं विचारलं होतं, म्हणून जाता जाता: मेरी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया वसाहतीत गेली असती तर हे सगळं पुराण सांगावंच लागलं नसतं. तिथल्या १८५३नंतरच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईबाप, जन्मगाव, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी झालं, मुलांची नावं-वयं आणि वसाहतीत किती वर्षं काढली, एवढे रकाने आहेत. अर्थात तेही सांगणारा जावईच.

तुम्ही लगेच करण्यासारख्या गोष्टी तीन: लग्नाच्या नोंदीचं मूळ पान, सगळ्या मुलांच्या जन्मनोंदी, आणि कब्रस्तानाला तुकड्याच्या मालकाबद्दल पत्र. त्या तुकड्यात नवऱ्याच्या आडनावाचा नसलेला एखादा पुरुष निघाला तर त्याची मृत्यूची नोंद आधी काढा आणि त्यावर आईचं काय नाव लिहिलं आहे ते मला कळवा.